विषाणूच्या कवचात डीएनए कोंबला कसा जातो?

ताणकाटा

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे आतून दाब सोसणाऱ्या बंद टाक्यांच्या, डिझाइनमध्ये आहे. भिंत किती जाड, ताण किती, नोझल कुठे, वेल्ड कुठे, हेच रोजचं काम. मध्यंतरी लेकीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात बॅक्टेरियोफेजचं, म्हणजे जीवाणूत शिरणाऱ्या विषाणूचं (थोडक्यात फेज), चित्र होतं: वर टोकदार डोकं, खाली शेपूट, डोक्यात डीएनएचं वेटोळं. तिने विचारलं, "एवढा लांब धागा एवढ्याशा डोक्यात मावतो कसा?" मला उत्तर येईना. शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हे चित्र चक्क प्रेशर व्हेसलचं आहे. तेव्हापासून हा विषय सुटत नाही, म्हणून हा धागा.

उदाहरणाला फाय-२९ हा फेज घेतो, कारण त्याच्यावर मोजमापं भरपूर झाली आहेत. त्याचा डीएनए सुमारे १९,३०० बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीची एक पायरी म्हणजे एक बेसजोडी). एका जोडीला ०.३४ नॅनोमीटर धरलं तर लांबी होते ६.६ मायक्रोमीटर. ज्या कवचात तो राहतो ते ५४ नॅनोमीटर लांब आणि ४२ रुंद. म्हणजे डब्याच्या सव्वाशे पट लांबीची दोरी आत भरायची. नुसतं आकारमान काढलं तर आतली साधारण निम्मी जागा डीएनएच व्यापतो, उरलेल्यात पाणी आणि क्षार.

दोरी मऊ असती तर प्रश्न नव्हता. पण दुपदरी डीएनए ताठ असतो. साधारण ५० नॅनोमीटर लांबीपर्यंत तो आपणहून फारसा वाकत नाही, आणि इथे तर अख्खा डबाच तेवढ्या मापाचा आहे! त्यात प्रत्येक बेसजोडीमागे दोन ऋणभार. म्हणजे ३८ हजारांवर ऋणभार एकमेकांना ढकलत असताना शेजारशेजारचे वेढे अडीच नॅनोमीटरवर आणून बसवायचे, आणि डीएनएची स्वतःची जाडीच २ नॅनोमीटर. वाकवायला ऊर्जा लागतेच, पण जास्त खर्च या जवळ आणण्यात होतो. भारांचं अपाकर्षण तर आहेच, शिवाय डीएनएला चिकटून बसलेलं पाणी बाजूला सारावं लागतं.

हे काम आपोआप होत नाही. कवच आधी रिकामं तयार होतं आणि त्याच्या एका कोपऱ्यात एक मोटर बसते. पाच प्रथिनांचं कडं, एटीपी हे पेशीचं इंधन जाळून चालणारं. २००१ मध्ये बर्कलीतल्या बुस्तामांते यांच्या प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष मोजलं गेलं. एका सूक्ष्म मण्याला फेज चिकटवला, दुसऱ्या मण्याला डीएनएचं मोकळं टोक, आणि एक मणी लेझरच्या झोतात धरून ठेवला. मोटर डीएनए आत ओढू लागली की दोन मण्यांमधलं अंतर कमी होतं, आणि लेझर मण्याला किती जोराने धरून ठेवतोय त्यावरून बल कळतं. सुरुवातीला वेग सेकंदाला शंभर बेसजोड्यांच्या आसपास. निम्मं भरत आलं की गती मंदावायला लागते, शेवटी तर मोटर अक्षरशः कुंथत पुढे जाते. सगळं भरायला साडेपाच मिनिटं. मोटर थांबवायला सरासरी ५७ पिकोन्यूटन बल लागलं, आणि त्यावरून पूर्ण भरलेल्या कवचातला दाब निघाला सुमारे ६० वातावरण, म्हणजे ६ मेगापास्कल. समुद्रात ६०० मीटर खोलीवर असतो तेवढा.

मग सवयीने भिंतीतला ताण काढला. त्रिज्या २१ नॅनोमीटर, भिंत १.६ नॅनोमीटर. गोलासाठी दाब गुणिले त्रिज्या भागिले दुप्पट जाडी. उत्तर आलं ३९ मेगापास्कल! कार्बन स्टीलच्या नेहमीच्या प्लेटला आम्ही १३८ धरतो. त्याच्या पाव पटीहून जास्त ताण हे प्रथिनांचं कवच सोसतं, आणि त्यात एकही वेल्ड नाही. तुकडे नुसते एकमेकांना बिलगून बसलेले. तो आकडा मी तीनदा तपासला.

माझा मुद्दा असा: विषाणूकडे स्वतःची ऊर्जा नसते हे आपण शिकतो. पण या फेजच्या बाबतीत ती ऊर्जा डीएनएच्या वाकण्यात आणि दाटीत साठवलेली आहे. ज्या जीवाणूत तो जन्मला त्याचं एटीपी आत कोंडलेलं आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

शेवंती

वाचनखूण साठवली. एक विचारते, ५७ पिकोन्यूटन म्हणजे नक्की किती? आकडा वाचून मला काहीच जाणवत नाही.

ताणकाटा

शेवंती, पेशीतल्या दुसऱ्या यंत्रांशी तुलना केली की जाणवतं. पेशीत माल वाहून नेणारं कायनेसिन ६-७ पिकोन्यूटनला थांबतं. स्नायूतलं मायोसिन त्याहूनही कमी ओढतं. ही मोटर त्यांच्या आठ-दहा पट.

दुसरा हिशोब कार्यक्षमतेचा. ती एका एटीपीमागे अडीच बेसजोड्या ओढते, म्हणजे ०.८५ नॅनोमीटर. ५७ ने गुणलं की ४८ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. पेशीत एका एटीपीतून मिळतात ८० ते १००. म्हणजे थांबायच्या बेतात असतानासुद्धा निम्मी ऊर्जा कामी लागतेय.

सुईटोक

सुंदर धागा. माझं काम थोडंफार याच भागातलं आहे, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

कवच किती ताठ आहे ते आम्ही अणुबल सूक्ष्मदर्शकाने दाबून बघतो. काचेच्या तुकड्यावर क्षारद्रावणाचा थेंब, त्यात कवचं. ती पृष्ठभागावर चिकटून बसली की आधी अगदी हलक्या हाताने चित्र घ्यायचं. पडद्यावर फिकट ठिपके दिसतात, त्यातला नीट गोल, न फुटलेला एक निवडायचा. सुईचं टोक त्याच्या बरोबर माथ्यावर आणायचं आणि खाली ढकलायचं. आलेख आधी सरळ चढतो, एखाद्या चांगल्या स्प्रिंगसारखा. मग एका क्षणी कचकन खाली येतो, तिथे भिंत मोडलेली असते. त्या क्षणाच्या अलीकडे थांबलात तर कवच पूर्ववत होतं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा दाबल्यावर परत चित्र घेतलं आणि उंची तीच आली. खूप वेळ नुसता बघत बसलो होतो.

फाय-२९ च्या रिकाम्या कवचावर हे मोजमाप २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. उंचीच्या ३० टक्क्यांपर्यंत दाबलं तरी ते परत उसळतं. त्याच्या पदार्थाचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, निघाला १.८ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे कडक प्लास्टिकच्या जातीचा. तेव्हा ताणकाटा यांचे ३९ मेगापास्कल या पदार्थाला झेपतात, भिंत दोन-एक टक्के ताणली जाईल इतकंच.

परखड

लेख आवडला, पण 'दाब' या शब्दाबद्दल हरकत नोंदवतो. वाचणाऱ्याला वाटेल की आत कोंडलेला वायू किंवा पाणी आहे. तसं नाही. कवचाला बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी आणि लहान आयन मजेत ये-जा करतात. पाण्याला भिंत अडवतच नाही, अडवते फक्त डीएनएला. टाकीला भोक पडलं की दाब जातो, इथे भोकं असूनही राहतो. प्रेशर व्हेसलची उपमा तिथे कमी पडते.

ताणकाटा

परखड, हरकत एकदम मान्य. मी लिहायला हवं होतं. भिंतीला बाहेर ढकलतात ते डीएनएचे वेढे. ताणाचं सूत्र त्यामुळे बदलत नाही, पण चित्र बदलतं.

आणि पाणी ये-जा करतं याचाच उपयोग करून तो दाब दुसऱ्या वाटेने मोजला गेला आहे. लॅम्डा नावाच्या दुसऱ्या फेजचा डीएनए ४८,५०२ बेसजोड्यांचा. ज्या जीवाणूवर तो बसतो त्याच्या पृष्ठभागावरचं लॅमबी नावाचं प्रथिन नुसतं द्रावणात टाकलं तरी फेजला वाटतं, जीवाणू आला, आणि तो डीएनए सोडून देतो. एविलेविच, गेल्बार्ट, नोब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्या द्रावणात पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळलं. त्याचे रेणू मोठे, ते कवचात शिरू शकत नाहीत, त्यामुळे बाहेरचा ऑस्मोटिक दाब, म्हणजे कवचातलं पाणी बाहेर खेचणारी ओढ, वाढतो. तो वाढवत गेलं तसा कमी कमी डीएनए बाहेर आला, आणि साधारण वीस-पंचवीस वातावरणांना बाहेर येणं पूर्ण थांबलं. जेवढ्याला थांबलं तेवढाच आतला दाब. त्याहून सोपं मोजमाप मला सुचत नाही.

परखड

हे छान सांगितलंत. याचं जुनं भावंडही आहे: १९५० च्या सुमारास टी. एफ. अँडरसन यांनी टी-सम (टी-२, टी-४ असे सम क्रमांकाचे) फेज दाट मिठाच्या पाण्यात ठेवले आणि एकदम साध्या पाण्यात सोडले. कवचं फुटली, डीएनए बाहेर पडला आणि मागे रिकामी 'भुतं' उरली. सावकाश पातळ केलं तर काही होत नाही, कारण मिठाला भोकांतून बाहेर पडायला वेळ मिळतो.

काठावरचा

शाळकरी प्रश्न विचारू का? एवढा दाब आहे तर जीवाणूला भोक पाडलं की पिचकारीसारखा सगळा डीएनए आत उडत असणार, बरोबर?

सुईटोक

काठावरचा, अर्धं बरोबर. जीवाणूच्या आतसुद्धा दाब असतो. कवचातला डीएनए बाहेर पडत जातो तसा तिथला दाब भराभर उतरतो, आणि जीवाणूच्या आतल्या दाबाशी बरोबरी झाली की ढकलणं संपतं. बराचसा डीएनए अजून कवचातच असतो. उरलेला ओढून घ्यावा लागतो.

टी-७ या फेजमध्ये हे स्पष्ट दिसतं. त्याच्या ४० हजार बेसजोड्यांपैकी सुरुवातीचं साडेआठशे जोड्यांच्या आसपासचं टोकच आधी आत जातं. मग जीवाणूचं आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनए वाचून आरएनए बनवणारं प्रथिन, ते टोक वाचायला धरतं, आणि वाचताना ते धाग्यावरून पुढे सरकतं ना, त्याच ओढीने पुढचा डीएनए आत येतो. नंतर टी-७ चं स्वतःचं पॉलिमरेज तयार होतं आणि ते राहिलेलं ओढतं. वाचणारंच यंत्र कप्पीचं काम करतं.

लॅम्डामध्ये वेगातला फरकही पाहिला गेला आहे. काचेवर, नुसत्या द्रावणात, डीएनए काही सेकंदांत बाहेर. जिवंत जीवाणूत शिरताना तेच काम काही मिनिटं घेतं.

शेवंती

मग विषाणू ऊर्जा आत कोंडून आणतो हे विधान थोडं खाली आणावं लागेल, ताणकाटा?

ताणकाटा

हो, आणावं लागेल. साठवलेली ऊर्जा पहिला धक्का देते, दार उघडून टोक आत घालते. टी-७ ची गोष्ट मला ठाऊक नव्हती. सुईटोक यांचे आभार.

घडीकाम

भूमितीकडे कुणी वळलं नाही, म्हणून मी लिहिते. मी मुलांबरोबर कागदी आकार करते. जाड कागदाचे सारखे षट्कोन कापा आणि कडेला कड चिकटवत चला. कितीही लावा, पसरट चटईच होते. ती बंद होत नाही. आता एक षट्कोन काढून तिथे पंचकोन लावा. चटई तिथे वर उचलली जाते, टेंगूळ येतं. असे बारा पंचकोन लावले की आकार पूर्ण मिटतो. अकरा लावले तर भोक राहतं. तेरावा बसत नाही. षट्कोन कितीही असोत, पंचकोन बाराच.

विषाणूंची गोल कवचं याच नियमाने बांधलेली असतात. १९५६ मध्ये क्रिक आणि वॉटसन यांनी म्हटलं होतं की छोट्या विषाणूकडे जनुकांची जागा इतकी थोडी असते की एकच लहान प्रथिन पुन्हा पुन्हा वापरून भिंत बांधण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. १९६२ मध्ये कॅस्पर आणि क्लुग यांनी त्याची पूर्ण मांडणी केली: साठ, एकशेऐंशी, दोनशेचाळीस अशा ठरावीक संख्येतच तुकडे का असतात ते. त्यांच्या डोळ्यांपुढे बकमिन्स्टर फुलर यांचे त्रिकोणी जाळीचे घुमट होते.

आणि फेजच्या त्या बारा कोपऱ्यांपैकी एकावर पंचकोन नसतोच. तिथे बारा प्रथिनांचं कडं असतं, त्यातूनच डीएनए आत जातो आणि त्यातूनच बाहेर येतो. ताणकाटांच्या भाषेत नोझल.

ताणकाटा

घडीकाम, नोझल अगदी बरोबर! आणि आमच्याकडे नोझल हाच सगळ्यात नाजूक भाग, भोवती जाडी वाढवावी लागते. निसर्गाने पाचाच्या खाचेत बाराचं कडं बसवलंय, त्याची रचना मी अजून वाचतोय.

मूकवाचक

इतका वेळ नुसता वाचत होतो. एक शंका. सगळे विषाणू असेच फुगलेले असतात का? मग आरएनएवाल्यांचं काय?

सुईटोक

नाही. एकपदरी आरएनए मुळात लवचीक, स्वतःवर दुमडून झुडपासारखा गोळा होतो. त्याला कोंबायला मोटर लागत नाही, बहुतेक वेळा आरएनए आणि कवचाची प्रथिनं एकमेकांना शोधून एकत्रच बांधली जातात. प्रथिनांच्या आतल्या शेपट्यांवर धनभार असतो, आरएनएवर ऋणभार. तिथे दाबाऐवजी चिकटपणा आहे.

सगळ्यात देखणं उदाहरण तंबाखूच्या पानांवरच्या मोझेक विषाणूचं. ३०० नॅनोमीटर लांब, १८ जाड कांडी. २,१३० सारखी प्रथिनं गोल जिन्यासारखी रचलेली, आणि त्यांच्या खाचेतून आरएनएचा एक धागा वर चढत गेलेला. कांडी किती लांब व्हायची हे आरएनएच्या लांबीवरून ठरतं. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी प्रथिनं आणि आरएनए वेगळे केले, परत एकत्र मिसळले, आणि काचपात्रात पुन्हा रोग पसरवणारा विषाणू उभा राहिला.

मधला प्रकार चवळीच्या एका विषाणूचा. आम्लता कमी केली आणि कॅल्शियम काढून घेतलं की त्याचं कवच दहा टक्के फुगतं, भिंतीत फटी पडतात, आणि तरी ते तुटत नाही. परत कॅल्शियम आणि आम्लता दिली की मिटतं. मऊ-कडक व्हायची कळ त्या कॅल्शियममध्ये आहे.

काठावरचा

इतक्या दाटीत डीएनएला गाठी पडत नसतील?

परखड

पडतात. पी-४ नावाच्या फेजच्या शेपूट नसलेल्या कवचांतून डीएनए काढून पाहिला तर बहुतांश रेणू गाठी पडलेले निघतात. त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जुळणारी असतात, ती आतच जोडली जातात आणि गाठ कायम होते. शेपूट असेल तर एक टोक शेपटीत अडकून राहतं, त्यामुळे गाठी बऱ्याच कमी.

वेढे सुबक रिळासारखे असतात की नाही यावरही खूप काम झालंय. भिंतीलगत ते नीट एकाशेजारी एक दिसतात, मध्याकडे शिस्त ढळते.

शेवंती

औषधांच्या दृष्टीने याचा काही उपयोग झालाय का?

सुईटोक

झालाय, आणि मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. नागीण कुळातले विषाणू फेजसारखीच मोटर वापरून डीएनए भरतात. त्या कुळातल्या सायटोमेगॅलोव्हायरसची ती मोटर बंद पाडणारं लेटरमोव्हिर हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मूळपेशी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना ते देतात. कवच तयार होतं, पण डीएनए आत शिरत नाही.

दुसरं एचआयव्हीचं. त्याचं कवच शंकूसारखं, सुमारे दीडशे... चूक, सुमारे दीड हजार प्रथिनांचं. घडीकाम यांचा नियम तिथेही: षट्कोन दोनशेच्या वर, पंचकोन बरोबर बारा, सात रुंद टोकाला आणि पाच निमुळत्या टोकाला. लेनाकापाविर त्या प्रथिनांच्या सांध्यात जाऊन बसतं आणि कवचाला योग्य वेळी उघडू किंवा नीट जुळू देत नाही. ते २०२२ मध्ये मंजूर झालं.

मूकवाचक

शेवटचं विचारतो. वेल्ड नाही म्हणालात, मग भरताना कवच फुटत कसं नाही? की ते आधीपासूनच इतकं मजबूत असतं?

सुईटोक

बऱ्याच फेजमध्ये सुरुवातीला ते लहान, गोल आणि जाड भिंतीचं असतं. डीएनए भरायला लागल्यावर प्रथिनं वळतात, कवच मोठं होतं, कोपरे उठतात, भिंत पातळ होते. म्हणजे पातळ झाल्यावर ते जास्त टिकाऊ होतं, कारण तुकडे एकमेकांत जास्त गुंततात. आणि वेल्ड अजिबातच नाही असं म्हणू नका. एचके-९७ फेजमध्ये शेजारची प्रथिनं पक्क्या रासायनिक बंधांनी जोडली जातात. त्यातून कडी तयार होतात आणि ती एकमेकांत ओवलेली असतात, साखळीच्या चिलखतासारखी. त्याची स्फटिकरचना २००० मध्ये प्रसिद्ध झाली. भिंत जेमतेम दोन नॅनोमीटरची.

ताणकाटा, तुमच्यासाठी अजून एक. सर्दी-खोकल्याच्या अ‍ॅडेनोव्हायरसवर आम्ही म्हणतो तसा 'थकवा' प्रयोग २०१३ मध्ये झाला आहे. मोडेल इतक्या जोराने दाबायचं नाही, सुईने हलके हलके परत परत टोकायचं. कवच सगळीकडून एकदम ढासळत नाही, कोपऱ्यावरचे पंचकोन एकेक करून आधी सुटतात.

ताणकाटा

फटीग! आमच्याकडे तर एका डिझाइनमध्ये दाब किती वेळा चढणार-उतरणार हे मोजून आयुष्य काढतात. आणि तडा जातो तो कोपऱ्यातूनच. हा प्रयोग आज रात्री शोधून वाचतो. लेकीलाही दाखवतो, तिच्याकडे घडीकाम यांच्यासारखे बारा पंचकोन कापून तयार आहेत.